रात्र जागवणारं घर

‘डीजे’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेल्या स्पीकरच्या भिंती, थरथरणाऱ्या खिडक्यांच्या काचा, वरातीत नाचणारी पोरं आणि कानात कापसाचे बोळे घालून बसलेल्या आजी. हळद असो नाहीतर विसर्जन, ‘डीजे लावला’ म्हणजे दणदणाट लावला, एवढाच आपल्याकडे त्या शब्दाचा अर्थ उरलाय. पण मैत्रिणींनो, डीजे हा मुळात माणूस असतो. कोणत्या गाण्यामागे कोणतं गाणं लावायचं, कुठे वेग वाढवायचा, समोरच्यांचे चेहरे बघून ती रात्र कुठवर न्यायची, हे ठरवणारा माणूस. अशाच एका माणसाची गोष्ट मला आज तुम्हाला सांगायची आहे. त्याचं नाव फ्रँकी नकल्स. त्याला जाऊन दशक उलटून गेलं. आपल्यापैकी बऱ्याच जणींनी हे नाव कधी ऐकलंही नसेल. पण त्यानं वाढवलेलं संगीत तुम्ही नक्की ऐकलंय. मोबाइलच्या जाहिरातीत, जिममध्ये, हिंदी गाण्यांच्या रिमिक्समध्ये तो एकसारखा पडणारा ठोका असतो ना, धप् धप् धप् धप्, भजनातल्या टाळासारखा न चुकणारा? त्या घराण्याचं मूळ नाव ‘हाउस म्युझिक’. आणि जग फ्रँकीला या हाउसचा गॉडफादर मानतं.

‘हाउस’ म्हणजे घर. एखाद्या संगीताचं नाव घर कसं काय? तिथेच सगळी गोष्ट आहे.

फ्रँकीचा जन्म १८ जानेवारी १९५५ चा, न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्स भागातला. खरं नाव फ्रान्सिस वॉरन निकल्स. कृष्णवर्णीय कुटुंबातला मुलगा. त्याला ओढ होती कापडाची. न्यूयॉर्कच्या फॅशनच्या नामांकित संस्थेत तो कापडावरच्या नक्षीकामाचं शिक्षण घेत होता. आणखी एक गोष्ट होती, ती त्या काळात सहज बोलता येण्यासारखी नव्हती. फ्रँकी समलिंगी होता. कातडीचा रंग काळा, वर हे असं. म्हणजे गोऱ्यांच्या जगात जागा नाही आणि आपल्या माणसांतही मोकळा श्वास नाही.

अशा मुलांना एकमेकांचीच सोबत असते. फ्रँकीला तशी सोबत मिळाली लॅरी लेव्हानची. लॅरीही त्याच्याच वयाचा, तोही कृष्णवर्णीय, तोही समलिंगी. हार्लेममध्ये अशा मुलांचे नटूनथटून मिरवायचे सोहळे व्हायचे. लॅरी त्यासाठी कपडे शिवायचा. तिथेच दोघांची जोडी जमली आणि ती आयुष्यभराची झाली. दोघं मिळून रात्र-रात्र नाचायला जायचे. ‘गॅलरी’ नावाच्या एका क्लबात तर फुगे फुगवण्यापासूनची सगळी बारीकसारीक कामं करायचे. ती करता करता दोघं रेकॉर्ड लावायला शिकले. पुढे एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात पुरुषांसाठी एक स्नानगृह आणि करमणुकीची जागा होती, ‘कॉन्टिनेन्टल बाथ्स’. बेट मिडलर ही पुढे गाजलेली गायिका तिथेच गाऊन नावारूपाला आली. तिथे आधी लॅरी आणि मग फ्रँकी गाणी लावू लागला. १९७६ मध्ये ती जागा बंद पडेपर्यंत फ्रँकी तिथे होता.

मग शिकागोहून बोलावणं आलं. रॉबर्ट विल्यम्स नावाचा एक गृहस्थ तिथे क्लब काढत होता. त्याला खरा हवा होता लॅरी. पण लॅरीला न्यूयॉर्क सोडायचं नव्हतं. त्यानं नाही म्हटल्यावर फ्रँकीचं नाव पुढे आलं. म्हणजे बघा, जगात जी जागा फ्रँकीच्या नावानं ओळखली जाते, तिथे तो दुसरी निवड म्हणून गेला होता! १९७७ साली, बावीस वर्षांचा असताना, सगळं मागे ठेवून तो एका अनोळखी शहरात गेला.

साउथ जेफरसन स्ट्रीटवरची २०६ नंबरची इमारत. जुनी, कारखान्याची. तिला लोक ‘वेअरहाउस’ म्हणू लागले. वेअरहाउस म्हणजे गोदाम. शनिवारी रात्री गाणी सुरू व्हायची ती रविवारी दुपारपर्यंत चालायची. दारू नाही, फळांचे रस आणि पाणी. येणारी मुलं बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिन वंशाची, बरीचशी समलिंगी. गोऱ्यांचे क्लब यांना काही ना काही कारण काढून दारातच अडवायचे. घरी खरं सांगायची सोय नाही. चर्चमध्ये वाढलेली मुलं, पण चर्चच्या लेखी ती पापी. या मुलांना आठवड्यातून एक रात्र अशी मिळाली, जिथे आपण कोण आहोत हे लपवायचं नव्हतं. फ्रँकी स्वतः त्या जागेला चर्चचीच उपमा द्यायचा. ज्यांना देवाच्या दारातून बाहेर काढलं, त्यांचं हे चर्च.

मला हे वाचताना आपली मंगळागौर आठवली. तुम्ही म्हणाल, कुठे शिकागो आणि कुठे मंगळागौर! पण बघा ना. वर्षभर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी, मोठ्यानं हसायलाही बिचकणारी सासुरवाशीण श्रावणातल्या त्या एका रात्री झिम्मा खेळायची, फुगड्या घालायची, पिंगा घालायची, उखाण्यांत सासूलाही चिमटे काढायची. पहाटेपर्यंत रात्र जागवायची. सकाळी परत चूल आणि पाणी. त्या रात्रीनं तिचं आयुष्य बदलत नव्हतं, पण पुढचं वर्ष काढायला बळ मिळत होतं. ज्याला रोजच्या जगण्यात जागा नसते, त्यालाच नाचायला जागा लागते. हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं, तेच फ्रँकीला ठाऊक होतं.

आता या गोष्टीत एक आग लागते, खरीखुरी.

सत्तरच्या दशकात डिस्कोची लाट होती. आपल्याकडे ती जरा उशिरा आली. ‘कुर्बानी’तलं नाझिया हसनचं गाणं १९८० चं आणि मिथुनचा ‘डिस्को डान्सर’ १९८२ चा. अमेरिकेत मात्र तोवर डिस्कोचा राग राग सुरू झाला होता. शिकागोत स्टीव्ह डाल नावाचा रेडिओ निवेदक होता. त्याच्या आधीच्या रेडिओ स्टेशननं डिस्को सुरू केल्यावर त्याची नोकरी गेली होती. त्यानं डिस्कोविरुद्ध मोहीमच उघडली. १२ जुलै १९७९ ला बेसबॉलच्या मैदानावर दोन सामने होते. डिस्कोची एक रेकॉर्ड आणा आणि फक्त ९८ सेंटमध्ये आत या, असं जाहीर झालं. अंदाजापेक्षा कितीतरी जास्त, हजारोंच्या संख्येनं लोक आले. पहिला सामना संपल्यावर मैदानाच्या मध्ये रेकॉर्डचा ढीग रचून स्फोटानं उडवला. मग हजारो पोरं मैदानात घुसली, पोलीस बोलवावे लागले आणि यजमान संघाला दुसरा सामना सोडून द्यावा लागला.

त्या मैदानात प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम एक कृष्णवर्णीय पोरगा करत होता, व्हिन्स लॉरेन्स. त्यानं नंतर सांगितलेली गोष्ट अंगावर काटा आणणारी आहे. लोक ज्या रेकॉर्ड घेऊन येत होते, त्यातल्या कितीतरी डिस्कोच्या नव्हत्याच. कृष्णवर्णीय गायकांची रेकॉर्ड, एवढंच त्यांना पुरे होतं. तो पोरगा त्या नोकरीतून सिंथेसायझर घ्यायला पैसे साठवत होता. हा व्हिन्स लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी डिस्कोतून हात काढून घेतला. नाचायची नवी गाणी यायची जवळपास थांबली. इकडे फ्रँकीकडे दर शनिवारी गर्दी वाढतेय आणि लावायला नवं काही नाही. काय करणार?

त्यानं जे केलं ते आपल्याला नीट कळेल असं आहे. त्यानं गोधडी शिवली. जुन्या गाण्यांच्या रेकॉर्ड घेतल्या, स्पूलच्या टेपवर उतरवल्या, ब्लेडनं टेप कापली आणि हवे ते तुकडे चिकटपट्टीनं जोडले. एरॅस्मो रिवेरा नावाच्या मित्रानं त्याला हे तंत्र शिकवलं. गाण्यात जिथे फक्त ढोल आणि बास वाजतो, तो चार क्षणांचा तुकडा पुन्हा पुन्हा जोडून मिनिटांचा करायचा. गायिकेचा आवाज उशिरा आणायचा, म्हणजे नाचणारे त्याची वाट बघत राहतील. कधी मध्येच वाफेच्या इंजिनाचा आवाज सोडायचा आणि दिवे पार घालवायचे. अंधारात लोकांना वाटायचं, आगगाडी खोलीतून धडधडत चालली आहे! कापडाची नक्षी शिकलेल्या मुलाच्या हाताला कात्रीची आणि जोडाची जाण होती, असं मला राहून राहून वाटतं. आईच्या जुन्या नऊवारीतून दुपटं शिवणाऱ्या बाईला माहीत असतं, कुठला तुकडा कुठे बसतो आणि जोड कुठे दिसू द्यायचा नाही. लोकांनी ज्याला स्फोट करून उडवलं, त्याच्याच चिंध्यांतून फ्रँकीनं नवं काहीतरी ऊबदार शिवलं.

आणि हळूहळू त्याला नाव पडलं. शिकागोत ‘इम्पोर्ट्स’ म्हणून ओळखलं जाणारं रेकॉर्डचं एक दुकान होतं. पोरं येऊन वेअरहाउसमध्ये वाजतं ते द्या म्हणून मागायची. दुकानदारानं त्या रेकॉर्डच्या खोक्यावर तशी पाटीच लावली. पुढे ‘वेअर’ गळून ‘हाउस’ राहिलं. स्वतः फ्रँकीला मात्र हे ठाऊकच नव्हतं म्हणे. १९८१ च्या सुमारास गाडीतून जाताना त्यानं एका बारच्या खिडकीत पाटी पाहिली, इथे हाउस म्युझिक वाजवलं जाईल अशी. हे काय नवीन, म्हणून त्यानं सोबतच्या माणसाला विचारलं, तर उत्तर मिळालं की तू वाजवतोस तेच! संगीताला त्याचं स्वतःचं नाव पडलं नाही, त्या जागेचं पडलं. मला तर हेच योग्य वाटतं.

वेअरहाउस चालू लागलं तसा मालकानं १९८२ च्या अखेरीला प्रवेशाचा दर दुप्पट केला. फ्रँकीला ते पटलं नाही. तो बाहेर पडला आणि ‘पॉवर प्लँट’ नावाचा आपला क्लब त्यानं सुरू केला. चांगलं चाललेलं सोडायला जिगर लागते. त्याची गर्दी त्याच्यामागे गेली.

पुढचं पाऊल यंत्राचं. डेट्रॉइटहून डेरिक मे नावाचा एक तरुण आला आणि त्यानं फ्रँकीला जपानच्या रोलँड कंपनीचं ९०९ नावाचं ड्रम मशीन विकलं. ढोलाचे, झांजेचे आवाज काढणारी ती एक पेटी. संगीतकारांना ती खोट्या आवाजाची वाटली म्हणून बाजारात फारशी चालली नव्हती. फ्रँकीनं जुन्या गाण्यांखाली तिचा ठोका घालायला सुरुवात केली. एका मिनिटाला साधारण १२० ठोके, सगळे सारखे, सगळे दमदार. बघता बघता शिकागोतली पोरं सेकंडहँड यंत्रं घेऊन घरातल्या खोलीत गाणी बनवू लागली. १९८४ मध्ये ‘ऑन अँड ऑन’ नावाची रेकॉर्ड निघाली. हाउसची पहिली रेकॉर्ड म्हणून बहुतेक जण तिचंच नाव घेतात. ती केली जेसी सॉन्डर्सनं, आणि त्याचा जोडीदार होता, ओळखलंत? तोच, मैदानात जागा दाखवणारा व्हिन्स लॉरेन्स. रेकॉर्ड उडवल्या त्याला पाच वर्षं झाली होती.

आपल्या मुंबईतही त्याच सुमारास असं काही घडलं होतं, ते सांगायला हवं. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये याच रोलँड कंपनीची यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. रेकॉर्ड निघाली आणि विसरली गेली. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा ऐकणारे चकित झाले, की शिकागोत काही वर्षांनी जे झालं त्याच्याशी हे किती मिळतंजुळतं! फ्रँकीचा आणि त्यांचा काही संबंध नव्हता. फरक एवढाच, की फ्रँकीच्या समोर नाचायला भरलेली खोली होती.

हाउस मग समुद्र ओलांडून गेलं. जानेवारी १९८७ मध्ये शिकागोच्या स्टीव्ह हर्लीचं गाणं इंग्लंडात पहिल्या नंबरावर होतं. त्याच वर्षी फ्रँकी लंडनला जाऊन वाजवून आला. पण ज्यांनी हे बनवलं, त्यांच्या पदरात पैसा आणि नाव दोन्ही कमीच पडलं. ‘युअर लव्ह’ हे गाजलेलं गाणं मुळात जेमी प्रिन्सिपल या लाजाळू तरुणाचं. फ्रँकीनं ते कॅसेटवरून क्लबात वाजवून वाजवून लोकप्रिय केलं, त्यावर कामही केलं. पण १९८७ ची रेकॉर्ड निघाली ती फ्रँकीच्या नावावर. आजही कितीतरी लोकांना जेमीचं नाव माहीत नाही.

बायकांच्या वाट्याला तर याहून वाईट आलं. हाउसचा कणा ठोका असला तरी जीव आहे तो बायकांच्या आवाजात, चर्चमध्ये गाऊन तयार झालेल्या भरदार आवाजांत. फ्रँकीचं रेकॉर्डवर आलेलं सुरुवातीचं एक काम १९८३ चं, फर्स्ट चॉइस या तीन बायकांच्या गटाचं, मोडू घातलेला संसार सावरायला सांगणारं गाणं. आणि शिकागोचीच लोलिटा हॉलोवे घ्या. तिच्या १९८० च्या गाण्यातला आवाज उचलून एका इटालियन गटानं १९८९ मध्ये गाणं काढलं. इंग्लंडात त्या वर्षी सगळ्यात जास्त खपलेलं ते सिंगल. व्हिडिओत मात्र एक सडपातळ मॉडेल ओठ हलवत होती आणि रेकॉर्डवर लोलिटाचं नाव नव्हतं. तिला भांडून आपला वाटा घ्यावा लागला. मार्था वॉश या गायिकेचंही तेच झालं, तीही कोर्टात गेली. दोष काय, तर त्या जाडजूड होत्या, टीव्हीवर शोभणार नाहीत असं कुणालातरी वाटलं! आवाज आमचा आणि चेहरा दुसरीचा, हे आपल्याला काही नवं नाही, हो ना?

फ्रँकीचं पुढचं आयुष्य मानाचं गेलं. न्यूयॉर्कला परतून डेव्हिड मोरालेस आणि ज्यूडी वाइनस्टाइन यांच्या ‘डेफ मिक्स’मध्ये त्यानं काम केलं. चाका खान, टोनी ब्रॅक्सटन, मायकल जॅक्सन, सगळ्यांची गाणी त्याच्या हाताखालून गेली. १९९१ चं त्याचं ‘द व्हिसल साँग’ ऐका. ना आरडाओरडा, ना दणका. कुणी सकाळी गॅलरीत उभं राहून शीळ घालावी तशी साधी धून. दणदणाट म्हणजेच डीजे मानणाऱ्यांना हे गाणं ऐकवलं पाहिजे. १९९८ मध्ये ग्रॅमीनं रीमिक्स करणाऱ्यासाठी पहिल्यांदाच पुरस्कार ठेवला, तो फ्रँकीला मिळाला.

पण या काळातलं दुःखही मोठं होतं. एड्सनं त्याच्या पिढीतली किती माणसं नेली. ज्यांच्यासाठी तो वाजवायचा, त्यातले कितीतरी चेहरे एकेक करून दिसेनासे झाले. आणि १९९२ मध्ये लॅरी गेला, हृदयाच्या आजारानं, अवघ्या अडतिसाव्या वर्षी. फुगे फुगवण्यापासूनचा सोबती. फ्रँकी वाजवत राहिला.

२००४ मध्ये शिकागोनं जेफरसन स्ट्रीटच्या त्या भागाला फ्रँकीचं नाव दिलं. त्यासाठी मदत करणाऱ्यांत इलिनॉय राज्याचे तेव्हाचे एक सिनेटर होते, बराक ओबामा. ज्या शहरात १९७९ मध्ये रेकॉर्डचा स्फोट केला, त्याच शहरानं पंचवीस वर्षांनी पाटी लावली.

आता एक गोष्ट आपल्या घरातली म्हणून ऐका. २००० मध्ये स्वित्झर्लंडला बर्फावर खेळताना फ्रँकीचा पाय मोडला होता. पुढे त्याला मधुमेह झाला आणि हाडात संसर्ग पसरला. पण कामं थांबवून नीट उपचार घ्यायला तो राजी नव्हता. हा कार्यक्रम होऊ दे, तो दौरा होऊ दे. शेवटी २००८ मध्ये पाऊल कापावं लागलं. तरी तो पुन्हा उभा राहिला आणि अखेरच्या दिवसांपर्यंत वाजवत होता. ३१ मार्च २०१४ ला शिकागोत राहत्या घरी, मधुमेहाच्या गुंतागुंतीनं तो गेला. वय फक्त ५९. इतक्यांची रात्र ज्यानं सांभाळली, त्यानं स्वतःच्या पायाकडे बघितलं नाही. आपल्याकडे हे दुखणं अंगावर काढण्यात बायका सगळ्यांत पुढे. घरात साखरेचं दुखणं असलेलं कुणी असेल, तुम्ही स्वतः असाल, तर पायाची बारीकशी जखमसुद्धा लग्नकार्य उरकेपर्यंत ठेवू नका. एवढं माझं ऐका.

फ्रँकी गेल्यावर त्याच्या रेकॉर्डचं काय झालं, ते फार छान आहे. शिकागोच्या दक्षिण भागात १९२३ साली बांधलेली एक बँकेची इमारत ओसाड पडली होती. थिएस्टर गेट्स या कलावंतानं ती शहराकडून एका डॉलरला घेतली, दुरुस्त केली आणि २०१५ मध्ये लोकांना खुली केली. फ्रँकीचा रेकॉर्डचा हजारोंचा संग्रह तिथे नीट जपून ठेवलाय. २०२३ मध्ये वेअरहाउसच्या इमारतीलाही शहरानं वारसा वास्तूचा दर्जा दिला. त्याच्या आदल्याच वर्षी बियॉन्सेनं ‘रेनेसान्स’ हा अख्खा अल्बम या घराण्याच्या ऋणात राहून केला.

आपल्या देशात समलिंगी असणं गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलं. कायदा बदलला. पण आपल्याच गावात, आपल्याच नात्यात एखादा मुलगा, एखादी मुलगी असेल, जिला घरात राहूनही घर नाही. फ्रँकीनं मोठी भाषणं केली नाहीत, मोर्चे काढले नाहीत. त्यानं दार उघडं ठेवलं, दिवे मंद केले आणि पहाटेपर्यंत गाणी लावली. एवढ्यानं किती जणांचं पुढचं आठवडाभराचं जगणं सोपं झालं असेल. आपल्याला गाणी लावता येत नसतील. पण ये, बस, चहा घे, असं कुणाला तरी काही न विचारता म्हणता येतं ना?